वजन कमी करायचंय तर कार्डिओ करू की वेट ट्रेनिंग? कुणी काय, किती आणि कसं करायचं ते सविस्तर

आधी सरळ उत्तर देतो, मग कारणं. काट्यावरचा आकडा मुख्यतः जेवणामुळे खाली येतो. वेट ट्रेनिंग केलं की उतरलेल्या वजनात चरबी जास्त जाते आणि स्नायू कमी जातात, आणि चालणं किंवा इतर कार्डिओ केलं की दम वाढतो, शुगर-बीपी सुधारतं आणि थोड्या कॅलरी जास्तीच्या खर्च होतात. म्हणून माझं मत असं की आपल्यासारख्या बैठ्या कामाच्या माणसांनी आठवड्याला दोन-तीन दिवस वेट ट्रेनिंग पक्कं ठरवावं, रोज चालावं, आणि पळणं ज्याला आवडतं त्यानेच पळावं. बहुतेक लोक नेमकं उलटं करतात, जिम लावली की महिनाभर ट्रेडमिल, आणि वेटचं "आधी बारीक होतो मग बघू" असं. हा क्रम बदला एवढंच सांगायला हा सगळा लेख लिहितोय, कारण वाट चुकल्यामुळे दोन-तीन महिन्यात कंटाळून जिम सोडणारे फार जण बघितलेत आणि दरवेळी वाईट वाटतं.

पायरी १: कमी काय करायचंय ते आधी ठरवा

वजन म्हणजे चरबी, स्नायू, हाडं, पाणी सगळं मिळून. आपल्याला कमी करायची असते चरबी, त्यातही पोटाची. आणि इथे आपल्या लोकांची एक खास अडचण आहे. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी यावर कित्येक वर्षं काम केलंय. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय मासिकात त्यांचा आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा एक फोटो छापून आला होता, दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) अगदी सारखा, २२.३, म्हणजे दोघंही कागदावर एकदम फिट. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. दुपटीपेक्षा जास्त! दिसायला सडपातळ पण आत चरबी जास्त आणि स्नायू कमी, असा आपल्याकडच्या पुष्कळ लोकांचा बांधा आहे, आणि त्यामुळेच कमी वजनालाही डायबेटिस गाठतो.

याचा आपल्या प्रश्नाशी थेट संबंध आहे. ज्याच्याकडे आधीच स्नायू कमी आहेत त्याने नुसतं उपाशी राहून आणि पळून वजन उतरवलं तर उरलेसुरले स्नायूही जातात. व्यायामाशिवाय फक्त डाएटवर वजन कमी केलं तर उतरलेल्या वजनातला साधारण पाव हिस्सा चरबी सोडून इतर गोष्टींचा असतो आणि त्यात स्नायूही आले. मग माणूस काट्यावर आठ किलो हलका होतो पण जिना चढताना पाय थरथरतात, चेहरा उतरतो, आणि घरचे म्हणतात "बरं नाहीये का?"

तर पहिल्या दिवशी दोन मापं घ्या. सकाळी पोट साफ झाल्यावर, काही खायच्या आधी वजन. आणि टेलरची टेप घेऊन कमरेचा घेर, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडून, पोट आत न ओढता. भारतीयांसाठी पुरुषांना ९० सेंमी आणि बायकांना ८० सेंमी ही धोक्याची रेषा धरतात. बीएमआयसुद्धा आपल्याला २३ च्या पुढे जास्त आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा असा धरतात, गोऱ्या लोकांचे २५ आणि ३० आपल्याला लागू नाहीत. बीएमआय ठीक असून घेर जास्त असेल तर तुमच्यासाठी उत्तर जवळजवळ ठरलंच, वेट ट्रेनिंग आधी.

पायरी २: कॅलरीचा हिशोब एकदाच नीट समजून घ्या

७० किलोचा माणूस तासभर बऱ्यापैकी वेगाने चालला तर २५० ते ३०० कॅलरी खर्च होतात. ताशी ८ किमीने तासभर पळाला, आणि नवीन माणूस पळूच शकत नाही ते सोडा, तर साडेपाचशे ते सहाशे. तासभर वेट ट्रेनिंग, मधली विश्रांती धरून, २०० ते ३५०. यातल्या ७० च्या आसपास तर नुसतं बसूनही गेल्याच असत्या. म्हणजे मिनिटामागे बघितलं तर पळणं पुढे आहे, यात वाद नाही. पण एकादशीच्या साबुदाणा खिचडीची एक भरलेली प्लेट ४०० च्या आसपास जाते, आणि फोडणीत जास्तीचा पडलेला एक मोठा चमचा तेल १२० कॅलरी घेऊन येतो. एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी असतात. नुसत्या व्यायामाने हा डोंगर उपसायचा तर किती दिवस लागतील ते तुम्हीच बघा.

अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाचा २०१२ सालचा अभ्यास यावर फार उपयोगाचा आहे. जास्त वजनाचे लोक घेतले, तीन गट केले, एकाला फक्त कार्डिओ, एकाला फक्त वेट, एकाला दोन्ही, आणि आठ महिने चालवलं. खाणं कमी करायला सांगितलं नव्हतं. कार्डिओवाले आठवड्याला १९-२० किमी पळण्याएवढी मेहनत करत होते. निकाल काय, तर कार्डिओ आणि दोन्ही करणाऱ्यांची चरबी कमी झाली, वेटवाल्यांची जवळजवळ नाही, उलट स्नायू वाढल्याने त्यांचं वजन थोडं वाढलं. हे वाचून लोक म्हणतात बघा, कार्डिओच बेस्ट. पण थांबा, कार्डिओवाल्यांचं आठ महिन्यात सरासरी वजन किती उतरलं? दोन किलोच्या आत! आठ महिने घाम गाळून दोन किलो, कारण ताटात काही बदललं नव्हतं.

आता याच्या शेजारी २०१७ चा अभ्यास ठेवा, 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आलेला, १६० लठ्ठ ज्येष्ठ नागरिक, वय ६५ आणि पुढे, सहा महिने. इथे व्यायाम करणाऱ्या तिन्ही गटांना जेवणाचाही प्रोग्रॅम दिला होता. तिघांचंही वजन सारखंच उतरलं, ९ टक्के. फरक पडला तो स्नायूंमध्ये. कार्डिओवाल्यांचं चरबी सोडून बाकीचं वजन ५ टक्के घटलं, वेटवाल्यांचं फक्त २, आणि दोन्ही करणाऱ्यांचं ३. आणि उठबस, जिना, चालणं अशा रोजच्या कामांच्या परीक्षेत दोन्ही करणारे सगळ्यात पुढे, २१ टक्के सुधारणा, बाकी दोघांची १४. माझ्या मते एवढ्यात वाद मिटायला हवा, वजन किती उतरेल ते जेवण ठरवतं आणि उतरल्यावर अंगात काय उरेल ते व्यायामाचा प्रकार ठरवतो.

एक गैरसमज मात्र वेटवाल्यांकडूनही पसरतो की मसल वाढले की झोपेतही भरपूर कॅलरी जळतात. एक किलो स्नायू आरामात दिवसाला साधारण १३ कॅलरी खातो, चरबी ४-५. दोन किलो मसल कमवायला नवख्या माणसाला कित्येक महिने लागतात, आणि त्याचे रोजचे होतात २६, म्हणजे अर्धा मारी बिस्कीटाचा पुडाही नाही, एखादं बिस्कीट. वेट ट्रेनिंग यासाठी करायचं नसतं. ताकद, हाडं, शुगर साठवायची जागा, आणि म्हातारपणी जमिनीवरून स्वतःचं स्वतः उठता येणं, यासाठी करायचं.

पायरी ३: जेवण, थोडक्यात पण पक्कं

रोज ४००-५०० कॅलरी कमी खाल्ल्या तर आठवड्याला अर्ध्या किलोच्या आसपास जातं, तेवढं पुरे. तेल बाटलीतून ओतायचं बंद करून चमच्याने मोजायचं, चहातली साखर आणि सोबतची बिस्किटं-खारी कमी, रात्री भात किंवा चपाती दोन्हीपैकी एक, फरसाण डब्यातून थेट खायचं नाही. सुरुवातीला एवढ्यानेही बऱ्याच जणांचं काम होतं.

पण प्रोटीनवर जरा थांबतो कारण इथेच आपलं गाडं अडतं. आयसीएमआरने, म्हणजे सरकारच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने, साध्या तब्येतीसाठी शरीराच्या दर किलो वजनाला दिवसाला ०.८३ ग्रॅम सांगितलंय, आणि वजन कमी करताना वेट ट्रेनिंगही करत असाल तर १.२ च्या आसपास तरी न्यायला हवं. म्हणजे ६५ किलोच्या माणसाला ७५-८० ग्रॅम. पातळ आमटीच्या वाटीत मिळतात जेमतेम ५-६ ग्रॅम, म्हणून "आम्ही रोज वरण खातो की" यावर समाधान मानू नका. शाकाहारी घरात हे असं जमतं: सकाळी ५० ग्रॅम मुगाच्या डाळीची धिरडी म्हणजे १२, दुपारी घट्ट मटकीची उसळ, ५० ग्रॅम कोरड्या मटकीची, म्हणजे ११-१२, दिवसभरात २०० ग्रॅम दही म्हणजे ७, संध्याकाळी मूठ-दीड मूठ फुटाणे म्हणजे ८, रात्री १०० ग्रॅम पनीर म्हणजे १८, एक ग्लास दूध ६, आणि चार चपात्यांचे १२. झाले ७५. पनीरऐवजी ३५ ग्रॅम सोया चंक्स घेतले तरी तेवढंच प्रोटीन आणि कॅलरी बऱ्याच कमी. अंडी खाणाऱ्यांना एकामागे ६ ग्रॅम, चिकन-बांगडा खाणाऱ्यांना तर प्रश्नच नाही, फक्त तळून नको. शेंगदाण्यात प्रोटीन आहे पण १०० ग्रॅमला साडेपाचशेच्या वर कॅलरीही आहेत, म्हणून कूट हात राखून. किडनीचा त्रास असेल तर मात्र प्रोटीन वाढवायच्या आधी डॉक्टरांना विचारायचंच.

पायरी ४: तुम्ही यातले कोण?

वजन ९५-१०० च्या पुढे, आयुष्यात कधी व्यायाम नाही, गुडघे कुरकुरतात: पहिला महिना फक्त चालणं आणि घरी खुर्चीवरून उठबस, पळायचं अजिबात नाही, कारण पळताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार पायावर येतो. महिन्यानंतर वेट सुरू. गुडघे दुखतात म्हणून पायाचा व्यायाम टाळू नका, मांडीचे स्नायू बळकट झाले की बऱ्याचदा गुडघ्याला आराम पडतो, पण सूज असेल तर आधी दाखवून या.

हातपाय काटकुळे आणि पोट पुढे: आयटीतले, बँकेतले, गाडी चालवणारे, हा प्रकार घराघरात आहे. तुम्हाला वजन फारसं कमी करायचंच नाहीये. आठवड्याला तीन दिवस वेट, प्रोटीन, रोज चालणं, आणि काट्यापेक्षा टेपकडे लक्ष.

चाळिशी ओलांडलेल्या ताया, काकू: तुमच्यासाठी तर मी हात जोडून सांगतो, वेट ट्रेनिंग करा. पाळी जायच्या सुमारास हाडांची घनता झपाट्याने कमी होते आणि स्नायूही, आणि नुसत्या चालण्याने हे पुरेसं थांबत नाही. "पुरुषांसारखे दंड होतील" ही भीती मनातून काढून टाका, पुरुषांमधलं टेस्टोस्टेरॉन हे स्नायू वाढवणारं हार्मोन बायकांपेक्षा कित्येक पट जास्त असतं, आणि तेवढं असूनही पोरांना दंड कमवायला वर्षं लागतात. भरलेली कळशी, किराणाच्या पिशव्या आणि नातू तुम्ही उचलताच की, पाच किलोच्या डंबेलने काय बिघडणार.

आधीपासून पळणारे पण वजन अडकलंय: आठवड्यातले दोन रन काढून त्या जागी वेट टाका. मॅरेथॉनची तयारी असेल तर सीझन संपल्यावर.

डायबेटिस असलेले: दोन्ही हवं, आणि जेवणानंतर १०-१५ मिनिटं शतपावली हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे, जेवणानंतरची शुगर त्याने खाली येते. इन्सुलिन किंवा शुगर पाडणारी गोळी चालू असेल तर व्यायामाच्या वेळेबद्दल आणि डोसबद्दल डॉक्टरांशी बोलून घ्या, खिशात साखर किंवा साखरेच्या गोड गोळ्या ठेवा.

आणि २०२५ पासून आपल्याकडे मिळायला लागलेली वजन कमी करायची नवीन इंजेक्शनं घेत असाल तर तुम्हाला वेट ट्रेनिंगची गरज इतरांपेक्षा जास्त आहे, कारण भूकच मरते, खाणं एकदम कमी होतं आणि स्नायूही सोबत जातात.

पायरी ५: वेट ट्रेनिंग, अगदी पहिल्यापासून

नवीन माणसाला बऱ्याच जिममध्ये सोमवारी चेस्ट, मंगळवारी बॅक, बुधवारी शोल्डर असं शेड्यूल देतात. आठवड्याला सहा दिवस येणाऱ्या अनुभवी पोरांना ते ठीक, पण तुमचा एक दिवस चुकला की त्या भागाचा पूर्ण आठवडा गेला. त्यापेक्षा दोन किंवा तीन दिवस, दरवेळी पूर्ण शरीर, मध्ये एक दिवस सोडून. हालचाली पाचच: बसून उठणं, कमरेत वाकून उचलणं, ढकलणं, ओढणं, आणि वजन घेऊन चालणं.

आपल्या तालमीत यातलं बरंच आधीपासून आहे. बैठका म्हणजे बसून उठणं, जोर म्हणजे ढकलणं. सूर्यनमस्कारही, ज्यांचा औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी एवढा प्रसार केला, त्यात ढकलणं आहे, वाकणं आहे, भरभर घातले तर दमही लागतो. पण घरी हे करणाऱ्यांच्या व्यायामात एक गोष्ट राहून जाते, ओढणं. पैलवानाची ती कसर कुस्तीत आणि दोर चढण्यात भरून निघते, आपली निघत नाही. दिवसभर लॅपटॉपसमोर खांदे पुढे आलेले, वर नुसते जोर मारले की आणखी पुढे. म्हणून सूर्यनमस्कार घालत असाल तर चालू ठेवा आणि सोबत ओढण्याचा एक व्यायाम टाकाच.

आता एकेक बघू. बसून उठण्यासाठी भिंतीला टेकवलेली खुर्ची घ्या, पाय खांद्याएवढे, पंजे किंचित बाहेर, कुल्ले मागे नेत हळू बसा, खुर्चीला टेकल्या टेकल्या उठा, धप्पकन पडायचं नाही. १२ सहज जमले की छातीशी डंबेल किंवा पाच लिटरचा पाण्याचा कॅन धरा, तो बरोब्बर पाच किलोचा होतो.

वाकून उचलणं हे सगळ्यात जास्त लोक चुकवतात आणि कंबर धरून बसतात, म्हणून नीट वाचा. भिंतीकडे पाठ करून वीतभर पुढे उभे राहा. गुडघे अगदी थोडे सैल. आता हात मांड्यांवरून खाली सरकवत कुल्ले मागे ढकला, इतके की भिंतीला हलकेच लागतील. पाठ फळीसारखी सरळ, मान पाठीच्याच रेषेत, नजर समोरच्या फरशीवर. मांडीच्या मागच्या बाजूला ताण आला की बरोबर, कमरेत ताण आला की चूक, म्हणजे तुम्ही कुल्ल्यातून न वाकता पाठीतून वाकताय. जमलं की अर्धं पाऊल पुढे सरका आणि परत भिंतीला लावून बघा. आठवडाभर रिकाम्या हाताने एवढंच करा, घाई नको. मग दोन्ही हातात डंबेल घेऊन तीच हालचाल, डंबेल पायाला घासतच खाली गुडघ्याच्या जरा खालपर्यंत आणि वर येताना कुल्ले आवळून. एकदा ही सवय लागली की सिलिंडर सरकवतानाही तुम्ही आपोआप असेच वाकाल.

ढकलण्यासाठी भिंतीवर हात टेकून पुशअप, मग किचन ओट्यावर, मग पलंगाच्या कडेवर, मग जमिनीवर, जिममध्ये असाल तर चेस्ट प्रेस मशीन किंवा डंबेल बेंच प्रेस. ओढण्यासाठी जिममध्ये लॅट पुलडाउन (दांडा वरून खाली ओढायचं मशीन) आणि सीटेड रो (बसून समोरून स्वतःकडे ओढायचं मशीन), घरी एक हात आणि एक गुडघा पलंगावर टेकवून दुसऱ्या हाताने डंबेल खिशाकडे ओढायचा, कानाकडे नाही, कोपर अंगाजवळून मागे. आणि शेवटी दोन्ही हातात झेपेल तेवढं जड घेऊन ताठ मानेने घरात चकरा, ३०-४० सेकंद.

प्रत्येकाचे आधी दोन सेट, तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून तीन, एका सेटला ८ ते १२ रेप, म्हणजे तीच हालचाल न थांबता तितक्या वेळा, मध्ये दीड-दोन मिनिटं विश्रांती. वजन किती घ्यायचं हा प्रश्न सगळे विचारतात. असं घ्या की सेट संपल्यावर अजून दोन-तीन कसेबसे निघाले असते पण पाच नक्की नसते निघाले. गुलाबी रंगाचं एक किलोचं डंबेल घेऊन गप्पा मारत तीस रेप निघत असतील तर ते फार हलकं झालं. आणि तिन्ही सेटमध्ये १२-१२ निघाले की पुढच्या वेळी पुढचं वजन, मग परत आठवर याल, चालेल. ही वाढ वहीत लिहा, तारीख, व्यायाम, वजन, रेप, बस. वही नसेल तर सहा महिन्यांनी तुम्ही त्याच साडेसात किलोवर असाल आणि कळणारही नाही.

श्वास रोखायचा नाही, उचलताना सोडायचा, खाली आणताना घ्यायचा, बीपीवाल्यांनी तर हे कटाक्षाने. पहिल्या दोन आठवड्यात अंग दुखेल, दुसऱ्या दिवशी जास्त, ते नॉर्मल आहे. सांध्यात टोचल्यासारखं किंवा कमरेतून पायात जाणारी कळ आली तर ते नॉर्मल नाही, थांबा.

पायरी ६: कार्डिओ कोणता आणि किती

जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरदार, आणि शिवाय किमान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम. हे "शिवाय" लोक विसरतात. मध्यम म्हणजे काय तर चालताना बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही. घड्याळातल्या हार्ट रेटपेक्षा मला ही खूण जास्त भरवशाची वाटते.

आत्ता दिवसाला किती पावलं होतात ते मोबाईलमध्ये आठवडाभर बघा, आणि त्यात २,००० मिळवा. तीन हजार होत असतील तर पाच, एकदम दहाच्या मागे लागू नका. दोन-तीन आठवड्यांनी आणखी वाढवा. रंकाळ्याला फेरी मारा, शिवाजी पार्कला मारा, सोसायटीच्या पार्किंगमध्ये मारा, फरक पडत नाही. चढ मिळाला तर उत्तम, पुण्यातले लोक पर्वती चढतात ते उगाच नाही, चढावर वेग न वाढवता मेहनत वाढते आणि गुडघ्यावर आदळआपट होत नाही. उतरताना मात्र हळू. ट्रेडमिलवर हेच करायचं तर इनक्लाइन ५-६ ठेवून साडेचार-पाचच्या वेगाने चाला आणि दांडा धरू नका, दांडा धरला की अंगाचा भार हातावर जातो आणि स्क्रीनवरचा कॅलरीचा आकडा खोटा पडतो, तसाही तो बऱ्याचदा फुगवलेलाच असतो.

हिट वर्कआउटचा, म्हणजे थोडा वेळ पूर्ण जोर आणि मग थोडी विश्रांती असं आलटून पालटून करायच्या व्यायामाचा, बराच गाजावाजा आहे. चरबीच्या बाबतीत ते साध्या कार्डिओएवढंच काम करतं, वेळ थोडा वाचतो, पण नवख्या आणि जड माणसाने उड्या मारून गुडघा-घोटा दुखावून घेण्यात अर्थ नाही. तीन महिन्यांनंतर आठवड्याला एकदा, सायकलवर, चालेल.

घामाचा पट्टा, प्लॅस्टिकचा सूट, पोटाला लावायचं थरथरणारं मशीन, यावर एक रुपया घालवू नका. घाम म्हणजे पाणी, दोन ग्लास प्यायलात की परत. आणि पोटाचे क्रंचेस मारून फक्त पोटाची चरबी जात नाही, शरीर कुठून काढायचं ते स्वतः ठरवतं, बऱ्याच पुरुषांचं पोट तर सगळ्यात शेवटी उतरतं.

पायरी ७: दोन्ही एकाच दिवशी असेल तर

पाच-सात मिनिटं चालून वॉर्मअप, मग वेट, मग उरलेल्या वेळात कार्डिओ. आधी ४० मिनिटं ट्रेडमिल करून मग वेट उचलायला गेलात तर पायात ताकद राहत नाही आणि व्यायामाची ढब बिघडते.

आठवडा साधारण असा लावा. सोमवार आणि गुरुवार वेट, ४५ मिनिटं. मंगळवार, बुधवार, शुक्रवार ३०-४० मिनिटं जोरात चालणं. शनिवारी जमलं तर तिसरा वेटचा दिवस. रविवारी सिंहगड किंवा जवळची टेकडी किंवा घरच्यांबरोबर निवांत फिरणं. नाईट शिफ्ट, लोकलचा दीड तास, लहान मूल, यामुळे हे जमणार नसेल तर कापायचं काय ते आधीच ठरवून ठेवा: चालण्याचे दिवस कमी करा, वेटचे दोन दिवस सोडू नका. चालणं स्टेशनपासून घरापर्यंत, फोनवर बोलताना, जेवणानंतर असं तुकड्यातुकड्यात भरून निघतं, वेट ट्रेनिंग निघत नाही.

पायरी ८: मोजमाप आणि वजन अडकलं तर

वेट सुरू केल्यावर पहिल्या दोन-तीन आठवड्यात वजन तसंच राहतं किंवा किलोभर वाढतं आणि लोक घाबरून सोडतात. हे स्नायूत साठलेलं पाणी आहे, चरबी नाही. बायकांना पाळीच्या आधी असंच एक-दीड किलो वाढलेलं दिसतं, त्यामुळे मागच्या महिन्याच्या त्याच आठवड्याशी तुलना करा. रोज वजन करत असाल तर सात दिवसांची सरासरी काढा, एका दिवसाच्या आकड्यावर मूड घालवू नका. घेर पंधरा दिवसातून एकदा. वजन तेच, घेर दोन सेंमी कमी आणि वहीतले आकडे वर जातायत, तर तुमचं काम अगदी बरोबर चाललंय.

तीन-चार आठवडे सरासरीही हलली नाही आणि घेरही नाही, तर आधी जेवण तपासा, व्यायाम नंतर. चार दिवस खरंच सगळं लिहा, चव बघताना खाल्लेलं, मुलांच्या ताटातलं उरलेलं, ऑफिसमधला वाढदिवसाचा केक, सगळं. बहुतेक वेळा तिथेच सापडतं. ते ठीक असेल तर बघा की व्यायाम करून आल्यावर उरलेला दिवस सोफ्यावर जातोय का, कारण दमलेलं शरीर गुपचूप बाकीची हालचाल कमी करतं, पावलं परत मोजा. तेही ठीक असेल तर झोप. आणि पुष्कळ थकवा, केस गळणं, पाळी अनियमित असं सोबत असेल तर थायरॉइड, हिमोग्लोबिन, व्हिटॅमिन बी१२ आणि डी तपासून घ्या, पीसीओएस (हार्मोन बिघडून पाळी अनियमित होण्याचा त्रास) असलेल्या मुलींनी डॉक्टरांच्या सल्ल्यानेच पुढे जावं, पण वेट ट्रेनिंग त्यांनाही चालतं आणि इन्सुलिनच्या बाबतीत फायदाच होतो.

सुरू करायच्या आधी डॉक्टरांना दाखवायलाच हवं असे लोक: चालताना छातीत दाब किंवा दुखणं, हार्टचा आधीचा त्रास, औषधाने आटोक्यात नसलेलं बीपी, डायबेटिसमुळे डोळ्याच्या पडद्याला त्रास, हर्निया, अलीकडचं ऑपरेशन, गरोदरपण. आणि व्यायाम करताना छातीत दुखलं, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ गेली, घेरी आली, तर गॅस असेल म्हणून ओवा खात बसू नका, १०८ ला फोन करा किंवा लगेच हॉस्पिटल गाठा.